डांबरावरची लावणी

मृणाली चिखलात उताणी पडली होती. हात दोन्ही बाजूंना पसरलेले, डोळे मिटलेले. बांधावरून टेम्पो नेणाऱ्या धनेशला एवढंच दिसलं आणि त्याने करकचून ब्रेक मारला.

पाण्याची बाटली घेऊन त्याने शेतात उडी टाकली. एक चप्पल चिखलाने तिथल्या तिथे गिळली, दुसरी कुठे गेली ते त्याला कळलंही नाही. तिच्याजवळ पोचून त्याने आधी अर्धी बाटली तिच्या तोंडावर ओतली आणि मग विचारलं, "ताई… ओ ताई, ऐकू येतंय ना?"

तिने एक डोळा उघडला. "थांबा ना जरा. अजून संपलं नाही."

"काय संपला नाय?"

"नाच."

धनेशने आजूबाजूला पाहिलं. मिठाने पांढरी पडलेली जमीन, लांबवर तिवरांची हिरवी रेघ, आणि एका पायावर उभा असलेला बगळा. गाणं नाही, माणूस नाही. त्याने आवाज खूप मऊ केला. "घरच्यांचा नंबर द्या. ऊन लागलाय तुमाला."

तेव्हा ती उठून बसली आणि हसायला लागली. केसांतून चिखल गळत होता, पापण्यांवर त्याच्याच बाटलीतलं पाणी होतं, आणि ती हसत होती… धनेश आपला अनवाणी उभा. टेम्पो बांधावर चालूच होता, त्याचं त्याला भानही नव्हतं.

कोपरखार हे गाव पेणजवळच्या गडबच्या पश्चिमेला, खाडीच्या अगदी काठाशी. एके काळी तिथे भात पिकायचं. मग एका पावसाळ्यात बाहेरचा बांध फुटला, त्याला खांड पडली, आणि तेव्हापासून दर उधाणाला खारं पाणी आत येऊन शेतं गिळू लागलं. पुरुष कंपनीत शिफ्टला जाऊ लागले, बायका पेणच्या कारखान्यांत गणपतीच्या मूर्ती घासायला. अर्ज देऊन झाले, मोर्चे नेऊन झाले. बांध नक्की कुणी बांधायचा, यावर दोन खात्यांचं एकमत होत नव्हतं.

मृणाली रोह्याजवळच्या वरसे गावची. तिचे बाबा धाटावच्या कंपनीतून निवृत्त झालेले. ती बंगळूरला बरीच वर्षं नाच शिकली होती, तोही असा नाच की ज्यात घुंगरू नाहीत, मुद्रा नाहीत, कधीकधी तर गाणंही नाही. शाळेपासूनची मैत्रीण नम्रता कोपरखारला आशा सेविका होती. तिने एकदा सहज म्हटलं, "निवेदनं वाचायला कोण खाली येत नाय. नाच बघायला तरी येतील." तेवढ्यावर मृणाली आली होती. गावातल्या बायकांना घेऊन एक नाच बसवायचा आणि पेणला, ज्या कचेरीत त्यांचे अर्ज पडून होते तिच्यासमोरच तो करायचा.

हे सगळं तिने धनेशला टेम्पोत बसून सांगितलं. सीटवर त्याने तिच्यासाठी गोणपाट अंथरलं होतं. मागे माणसाएवढे स्पीकर होते आणि काचेवर 'एकवीरा साउंड, कोपरखार'.

"म्हंजे साउंड लागंल तुमाला," तो म्हणाला.

"लागेल की."

"गाना कुठला लावायचा?"

"गाणं नाही."

त्याने गिअर बदलला. "नवरी नाय आन मांडव घालायचा म्हनता."

"पाण्याचा आवाज हवाय. खांडीतून पाणी आत येतं ना, तो. कराल रेकॉर्ड?"

"मी हळदीला डीजे वाजवतो, मॅडम. माझ्या स्पीकरनी आजवर पाण्याचा आवाज ऐकलेला नाय."

"मग ऐकवू या त्यांना," ती म्हणाली.

धनेशने आरशातून तिच्याकडे पाहिलं. तीही आरशातच बघत होती. दोघांनीही मग एकदमच बाहेर पाहिलं.

पुढच्या उधाणाला ते दोघं खांडीच्या तोंडाशी पालथे पडून होते. त्याने लांब काठीला माईक बांधून पाण्यावर धरला होता. हेडफोन एकच होता. एक कान त्याच्याकडे, एक तिच्याकडे, त्यामुळे डोकी जवळ आणावी लागत होती. आधी नुसती खुसखुस… मग कुणी घोट घ्यावा तसा आवाज… आणि मग पाणी आत घुसलं. तिने श्वास रोखला. त्याला माईकपेक्षा तो रोखलेला श्वासच जास्त ऐकू आला.

"मिळाला?" तिने पुटपुटत विचारलं.

"मिळाला," तो म्हणाला. आणखी एक टेक घेऊ या, असंही म्हणाला. त्याची काहीच गरज नव्हती.

तालीम शाळेच्या पटांगणात व्हायची. कारखान्यातून आलेल्या बायका आधी लाजल्या, मग हसल्या, मग हळूहळू त्यांचे हात मोकळे झाले. पूर्वी बांध घालताना चिखलाचे गोळे हातोहात पुढे देत, तीच माळ त्या रिकाम्या हातांनी करत. धनेशची आई, धोंडुबाई, तेवढ्या कधी आल्या नाहीत. नम्रता बोलवायला गेली की म्हणायच्या, "मना नाय जमायचा गो."

तालीम संपली की धनेश मृणालीला गडबच्या नाक्यापर्यंत सोडायचा. तिथे ताडगोळे विकणारी एक म्हातारी बसायची. तो सालं सोलून एकेक ताडगोळा मृणालीच्या हातावर ठेवी.

"स्वतः कधी खाणार?" ती विचारी.

"तू खाल्ल्यावर."

'मॅडम' कधी गळून पडलं ते दोघांनाही सांगता आलं नसतं.

एका संध्याकाळी तिने विचारलं, "आई का येत नाहीत रे? आवडत नाही का त्यांना हे?"

धनेशने हातातला ताडगोळा फिरवला. "कोनाला बोललो नाय कधी," तो म्हणाला. "लावणीचे दिवस आले ना, की आये पहाटे उठून आपल्या शेतावर जाते. तिथं आता काय हाय, नुसता खार. पन ती पदर खोचते, वाकते… आन लावणी करते. हातात रोप नाय, काय नाय. रिकाम्या हातानी. पूर्ण रांग लावते आन मग घरी येऊन चहा टाकते. मी लपून बघितला हाय. तिला ठावं नाय."

मृणालीने त्याच्या हातावर हात ठेवला. तो हात दोघांनीही काढला नाही, म्हातारीने पैसे मागेपर्यंत.

आणि चूक झाली ती तिथेच.

त्या रात्री मृणालीला दुसरं काही दिसेना. ती वाकलेली पाठ, रिकामी बोटं, रिकामी ओळ. दुसऱ्या दिवशी तालमीत तिने बायकांना सांगितलं, "आता वाका. हातात रोप आहे असं समजा. लावत लावत मागे जा." बायका वाकल्या. पटांगण एकदम गप्प झालं. एकीने डोळे पुसले. मृणालीला कळलं की नाचाचं काळीज सापडलं, आणि त्या आनंदात तिला दुसरं काहीही कळलं नाही.

धनेश वायरी जोडत होता. त्याने मान वर केली, पाहिलं, आणि जोडलेल्या वायरी एकेक करून काढायला लागला.

ती धावत गेली. "काय झालं?"

"हे मी तुला सांगितला होता," तो म्हणाला. आवाज चढला नव्हता. चढला असता तर बरं वाटलं असतं तिला. "नाचाला नाय सांगितला. तुला सांगितला होता."

"धनेश, ते इतकं खरं आहे… मला वाटलं…"

"खरा हाय म्हनूनच. माझ्या आयेचा हाय तो." त्याने वायर कोपरावर गुंडाळली. "लोक टाळ्या वाजवतील, तू बंगळूरला जाशील. आमाला हितंच ऱ्हायाचा हाय."

बंगळूरच्या एका नृत्यमंडळाने तिला पावसाळाभर नाचायला बोलावलं होतं. हे तिने त्याला कौतुकाने सांगितलं होतं, दोनच दिवसांपूर्वी. टेम्पो निघून गेला. ती पटांगणात उभी राहिली. नाच चांगला होतो आहे म्हणून नम्रता मागून काहीतरी बोलत होती, ते तिला ऐकूच आलं नाही.

फोन त्याने उचलला नाही. तिसऱ्या दिवशी दुपारी तीच त्याला शोधत गेली. एका हळदीच्या मांडवात तो स्पीकरवर स्पीकर चढवत होता.

"काढून टाकलं मी ते," ती म्हणाली. "बायकांनी विचारलं का, तर म्हटलं माझं नव्हतं ते. बाकी काही सांगितलं नाही. आईंनाही कळणार नाही."

त्याने पुढची वायर उचलली.

"माफी मागायला आले आहे. साउंड मागायला नाही. साउंड नसला तरी आम्ही करू."

धनेशने हातातली वायर खाली ठेवली. "आये मना काय बोलंल, त्याचा भ्याव नाय वाटत," तो हळू म्हणाला. "तिला लाज वाटंल, त्याचा भ्याव वाटते. एवढी एकच गोष्ट तिची तिच्यापाशी हाय."

"माहीत आहे."

"आन तुला मी का सांगितला, ते पन मना कळत नाय."

याचं उत्तर तिच्याजवळ होतं, पण तिथे, त्या झेंडूच्या ढिगांमध्ये, नवऱ्या मुलाच्या मामांसमोर ते तिला देता येईना. ती "येते" म्हणाली आणि निघाली.

गावात मात्र काही झाकून राहत नाही. दुसऱ्या दिवशी तालीम सुरू होती तोच धोंडुबाई पटांगणात आल्या. काष्ट्याचं लुगडं, कमरेवर हात. बायका बाजूला झाल्या.

"तू ती रोह्याची?" त्यांनी विचारलं.

"हो, मावशी."

"रिकाम्या शेतान लावणी दाखवलीस म्हनं यांना. मग काढलीस म्हनं."

"माझी चूक झाली. मला कुणी…"

"कोनी सांगितला ते मना ठावं हाय. माझाच पोर." धोंडुबाई खाली पायरीवर बसल्या. "बांधाच्या मोरीमागं उभा ऱ्हातो आन त्याला वाटते आये आंधली हाय. एवढा मोठा झाला, सावली केवढी पडते त्याला कळत नाय. मी बी त्याला कधी हटकला नाय. म्हटला, बघूं दे. कोनीतरी बघतेय."

मृणालीने मान खाली घातली.

"तू काढलीस ते बरा केलास. पन न इचारता घेतलीस, ते नाय बरा केलास."

"हो."

"मग आता इचार."

मृणाली त्यांच्यासमोर जमिनीवरच बसली. "मावशी, तुमची ती लावणी… आम्हाला द्याल का नाचात?"

"नाय," धोंडुबाई म्हणाल्या. "द्यायची नाय. मीच करीन. तुम्ही बाजूला थांबा आन बघा."

गावचे पंच काळुराम यांच्यापर्यंत बातमी पोचली ती वेगळ्याच रूपात. ते तरातरा शाळेत आले. "धोंडुबाय कचेरीसमोर लावणी करनार म्हनं? या वयात? गावाची काय अब्रू?"

"भाताची लावणी, काका," नम्रता म्हणाली.

काळुरामांनी तोंड उघडलं होतं ते तसंच राहिलं. मग टोपी काढून त्यांनी घाम पुसला. "ती तरी कुठं बघाया मिलते आता," ते म्हणाले, आणि जाताना टमटमची सोय आपण करतो म्हणून सांगून गेले.

नाचाच्या सकाळी पेणला पोचल्यावर मृणालीने पाहिलं तर कचेरीच्या फाटकाबाहेर टेम्पो आधीच उभा होता. धनेश स्पीकरवरची धूळ पुसत होता.

"आयेनी बोलवलाय," तो तिच्याकडे न बघता म्हणाला. "ती बोलली, साउंड नीट लाव."

"एवढंच बोलल्या?"

"अजून पन बोलली." त्याचे कान लाल झाले. "ते मागनं सांगतो."

उन्हं चढली होती. रस्त्याच्या कडेला रिक्षावाले, पापडवाल्या, कामासाठी आलेली माणसं उभी राहिली. बायकांनी फाटकापासून रस्त्यापर्यंत रांग धरली आणि न दिसणारा चिखल हातोहात पुढे द्यायला सुरुवात केली. लोक आधी हसले. मग स्पीकरमधून खांडीचं पाणी सुरू झालं. खुसखुस, घोट, आणि मग तो आत घुसणारा आवाज, छातीत धडकणारा. हसणं थांबलं. रांगेतला एकेक हात खाली पडत गेला, एकेक बाई बाजूला सरत गेली, आणि मधल्या मोकळ्या डांबरावर धोंडुबाई एकट्या उरल्या.

त्यांनी पदर खोचला. वाकल्या. डाव्या हातात नसलेली जुडी धरली आणि उजव्या हाताने एकेक रोप त्या तापलेल्या डांबरात लावत मागे मागे जाऊ लागल्या. घाई नाही, थांबणं नाही. कुणाकडे पाहणंही नाही. धनेशने आवाज हळूहळू खाली आणला आणि बंद केला. आता नुसत्या त्यांच्या बांगड्या ऐकू येत होत्या.

कचेरीच्या खिडक्यांत माणसं जमली. एक साहेब खाली आले, फाटकापाशी उभे राहिले. लावत लावत धोंडुबाई त्यांच्या पायांपर्यंत आल्या. साहेब दोन पावलं मागे सरले, पुढच्या रोपाला जागा करून द्यावी तसे. ते सगळ्यांनी पाहिलं. ओळ संपवून धोंडुबाईंनी कमरेवर हात ठेवून पाठ सरळ केली आणि म्हणाल्या, "झाली लावणी. आता पानी अडवायचा काम तुमचा."

टाळ्या कुणी वाजवल्या नाहीत. साहेबांनी त्यांना आत नेऊन खुर्चीवर बसवलं आणि पाहणीची तारीख तिथल्या तिथे दिली. त्या तारखेला ते खरोखर आले, आणि पावसाच्या आत खांड बुजवायला यंत्र लागलं. पण ते पुढचं झालं. त्या दुपारी कुणालाच त्याची खात्री नव्हती, आणि तरी टमटममध्ये बसलेल्या बायका गावापर्यंत गात गेल्या.

गावात स्पीकर उतरवून धनेश मृणालीला रोह्याला सोडायला निघाला. नागोठणं मागे पडलं. दोघांच्या मध्ये बाटली होती, टॉवेल होता आणि न बोललेलं बरंच काही होतं. निडीच्या जवळ टेम्पोने दोन आचके दिले आणि तो थांबला.

"खरंच बंद पडलाय, की पाडलाय?" मृणालीने विचारलं.

"आयेशप्पत, खरंच." त्याने बॉनेट उघडलं, वाफ बघितली, मेकॅनिकला फोन केला. "त्याला यायला उशीर हाय. तू ट्रेननी जा. येतेच आता."

निडीचं स्टेशन म्हणजे एक फलाट आणि भरपूर वारा. तो तिच्यासोबत आला. चावी पानटपरीवर ठेवली होती. गाडी आली, ती चढली, दारात उभी राहिली. तो खाली. गाडी हलली… आणि धनेश आत चढला.

"तिकीट?" ती म्हणाली.

"नाय काढला."

"टेम्पो?"

"बंदच हाय. कुठं जानार तो." तो दांड्याला धरून उभा राहिला. डबा जवळजवळ रिकामा होता. "पुढचा टेशन रोहा. तेवढ्यात मना सगला बोलायचा हाय, म्हनून मधी बोलू नको."

तिने नुसती मान हलवली.

"आये बोलली, जिला आपून सगल्यात आतली गोष्ट सांगतो, तिला नुसती साउंडची पार्टी समजू नये. मी बोललो, तसा मी समजत नाय. ती बोलली, मग मना काय सांगतोस, तिला सांग." त्याने श्वास घेतला. "तू मना आवडतेस. चिखलात पडलेली होतीस तेव्हाच आवडलीस, पन तेव्हा वाटला ऊन लागलाय… आता मना लागलाय. तू बंगळूरला जा. जायालाच पायजे. मी काय अडवत नाय. फक्त ठावं असू दे."

"झालं बोलून?"

"झाला."

"मला सांगितलंस तेव्हा मी ते सांभाळायला हवं होतं," ती म्हणाली. "ते जन्मभर लक्षात राहील माझ्या. आणि बंगळूरला जाणार आहे मी, पाऊस संपेपर्यंत. नंतर तिथे राहायला सांगत होते, त्यांना मी नाही म्हणून कळवलं."

"कधी?"

"मांडवातून परत आले त्या दिवशी. तू बोलत नव्हतास माझ्याशी, तरी कळवलं." ती त्याच्याकडे वळली. "मला इथेच नाचायचंय, धनेश. तुझ्या जवळपास. तुला चालणार असेल तर."

दांड्यावरचा त्याचा हात सरकत आला आणि तिच्या हाताशेजारी थांबला. मग तिनेच उरलेलं अंतर संपवलं.

रोह्याला बाबा स्कूटर घेऊन उभे होते. मुलीबरोबर उतरलेला, ग्रीसने हात काळे झालेला तरुण पाहून त्यांनी चष्मा वर सरकवला.

"बाबा, हा धनेश," मृणाली म्हणाली. "तुम्हाला भेटवायचंच होतं. थोडं लवकर झालं एवढंच."

धनेश वाकून पाया पडला. बाबांनी त्याच्याकडे पाहिलं, तिच्याकडे पाहिलं, आणि दोघांच्या मध्ये घाईघाईने सोडलेल्या हातांकडेही पाहिलं.

"परत कसे जाणार?" त्यांनी विचारलं.

"टेम्पो निडीला बंद पडलाय, काका. मेकॅनिक येतोय. जाईन काहीतरी बघून."

"असं कसं. आधी घरी चला. मग मी सोडतो निडीला." बाबांनी स्कूटर चालू केली, मागच्या सीटकडे बघून थोडा विचार केला आणि म्हणाले, "तिघं काही बसायचे नाहीत यावर. तुम्ही दोघं या चालत. मी पुढे होऊन हिच्या आईला चहा टाकायला सांगतो."

स्कूटर निघून गेली. वरसे तिथून काही फार लांब नाही. पण त्या संध्याकाळी आईला तो चहा पुन्हा गरम करावा लागला.